वीतभर अंतरावरचा आवाज

आमच्या नारीन गावच्या रेडिओवर दर शनिवारी एका विद्यार्थ्याला दहा मिनिटं मिळणार होती, आणि ती मलाच हवी होती. गेल्या वर्षापर्यंत मी प्रत्येक शब्दाला अडखळायचे. आता अख्ख्या गावाने ऐकावं!

खोलीत आवाज घुमत होता, म्हणून माळ्यावरचा जाड लोकरी नमदा काढून भिंतीवर ठोकला. माझा थोरला भाऊ मिर्लान, ज्याला मी बायके म्हणते, त्याने मित्राकडून दोन माइक आणले होते. पहिला कंडेन्सर. बोलले, मग ऐकलं. त्यात सगळंच होतं. फ्रिजची घरघर, शेजारचा कुत्रा, आणि मागे कुठेतरी एका बाईचा विलाप.

"बायके, ही कोण?"

"रस्त्यावरची असेल कुणी. हा माइक मुंगीची पावलंही ऐकतो, सायकाल. तू हा डायनॅमिक घे, वीतभर अंतरावरचंच ऐकतो. एरवी तर तुझा आवाज तीन गल्ल्यांत ऐकू येतो!"

मी ओठ जाळीला टेकवून बोलले. फ्रिज गेला, कुत्रा गेला.

बाई राहिली. माझ्याहूनही जवळ. "जीभ आत्ताच सुटली गं माझ्या पाखराची..."

तेवढ्यात अपा, माझी आई, चहा घेऊन आली. नमदा दिसला आणि ती दारातच थबकली.

"हा कुणी काढला? तुझ्या आजीच्या मयताच्या तंबूतला आहे हा. आम्ही बायका दाराकडे पाठ करून, ह्याच्याकडे तोंड करून रडलो होतो. असला नमदा राहत्या घरात टांगतात का कुणी?"

"पण अपा, ह्याच्यामुळे आवाज घुमत नाही..."

तिने तो उतरवलाच. मग रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ आलं. मी पाठवून दिलं.

शुक्रवारी दुपारी शाळेत निकाल लागला. माझं नाव! दप्तर तिथेच टाकून मी पळत सुटले. बाजाराच्या रस्त्यावर अगदी जवळ ट्रकचे ब्रेक किंचाळले; रस्ता कधी ओलांडला, कळलंही नाही.

घराचं दार सताड उघडं होतं. माझ्या खोलीत नमदा पुन्हा टांगलेला. पार त्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून, अपा त्याच्याकडे तोंड करून बसली होती.

"अपा, माझी निवड झाली!"

ती वळली नाही.

टेबलावर डायनॅमिक माइक चालूच होता. मी वाकले, ओठ जाळीला टेकवले, एकाही शब्दाला न अडखळता पुन्हा सांगितलं.

संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ सपाट राहिली.

मग कोपऱ्यात अपाने श्वास घेतला. "जीभ आत्ताच सुटली गं..."

रेघ थरथरली.