सोनाली वाट पाहते

कडावच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि कथांच्या एका ॲपवर क्रमशः कथा लिहिते. पात्राला दुःख झालं असं नुसतं सांगायचं नाही, ते त्याच्या अंगात दिसलं पाहिजे, हा माझा नियम. म्हणून प्रत्येक भागाआधी माझ्या नायिकेच्या, सोनालीच्या मनाचं छोटं टिपण टाकायचे आणि वाचकांना विचारायचे, पटतंय का?

कथा साधी होती. सोनालीचा नवरा रूपेश चौक गावाला टायर आणायला गेला आणि परतला नाही.

तिसऱ्या टिपणात मी लिहिलं, तिचे हात थरथरत होते. खाली प्रतिक्रिया आली. नाव नाही, फोटो नाही.

'हात नाय थरथरत. दातांच्या मुळाशी गार लागतं.'

ते इतकं खरं वाटलं की मी कथेत घेतलं. मग रोज दुरुस्त्या येऊ लागल्या. 'भाकरी थापता येते. मोडता येत नाय.' वाचक वाढत गेले. मी खूश होते.

अकरावा भाग अजून माझ्या वहीतच होता. दहाव्याखाली प्रतिक्रिया आली, 'निळ्या शटरच्या गॅरेजात इचारलं. नाय म्हनले.'

निळं शटर फक्त वहीत होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर स्कूटर काढून कर्जतवरून चौकला गेले. जुन्या हायवेवर दोन ढाब्यांच्या मधे ते शटर होतं. जळक्या रबराचा वास येत होता. चांगो नावाचा मिस्त्री पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसला होता.

"रूपेश नावाचं कुणी येतं का इथं?"

त्यानं मान वर केली नाही. "तुमी पन त्यालाच शोधताय? एक बाई येते रोज. आत्ताच गेली."

"राहते कुठं?"

"इचारलं मी." त्यानं ट्यूब बाहेर काढली. "म्हनली, ते अजून लिवलं नाय."

घरी येऊन मी चपलाही न काढता लिहायला बसले. रूपेश दारात आला. 'भूक लागलीय,' म्हणाला. तिनं ताट वाढलं. समाप्त. दिवेलागणीच्या आत भाग टाकला.

तासाभरानं प्रतिक्रिया आली.

'आला.'

मी चपला काढल्या.

'घरातलं सगळं खाल्लं. तरी भूक लागलीय म्हनतो. दुसरं काय बोलतच नाय.'

मग आणखी एक ओळ.

'पुढचं लवकर लिवा, बाई. पोरगी घाबरलेय.'

मी पहिल्यापासून सगळे भाग वाचून काढले. सोनालीला मूल असल्याचं मी कुठंच लिहिलं नव्हतं.