पुढं पळवायचं नाही!

हेमराजनं रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावरचा गायक झर्रकन पंधरा मिनिटं पुढं गेला.

सतरंजीवर बसलेल्या परसरामनं डोक्यावरची टोपी सावरली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडणाऱ्या बायाबाईंचा हात सुपातच थांबला. आणि त्यांची लेक चंदा, ग्रामपंचायतीत संगणकावर बसणारी, साऱ्या करडी गावात फटकळ म्हणून नावाजलेली चंदा, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काहून पुढं पळवलं?"

"आवाज चेक करून राहिलो न, मॅडम." हेमराज लाखनीच्या दुकानातून नवा स्पीकर बसवायला आला होता. "सुरुवातीले तं काही वाजतच नाही. नुसतं आऽऽ चालू आहे."

"त्या आऽऽ मंदीच सारं आहे. मागं घ्या. आणि बसा खाली."

"मी?"

"तुमीच. पुरं ऐकल्याशिवाय चहा नाही भेटत इथं."

बिचाऱ्याला काय ठाऊक! या घरात रविवारची दुपार म्हणजे मैफल. जेवणं आटोपली की परसराम धुतलेलं धोतर नेसायचा, टोपी घालायचा आणि टीव्हीसमोर असा बसायचा, जणू त्या गायकानं त्यालाच पाहून तंबोरा जुळवला आहे. मोबाइल सगळे धानाच्या ढोलीवर ठेवायचे. मधेच कुणी उठायचं नाही. गाणं संपलं की पडद्यावरच्या लोकांबरोबर टाळ्या वाजवायच्या, मग चहा. कधी मैफल, कधी एखाद्या जुन्या वादकावरचा माहितीपट. दिल्ली-कलकत्त्याची मोठमोठी सभागृहं चंदानं आपल्या बापाच्या पुढ्यात आणून ठेवली होती, आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

हेमराज बसला. आधी चुळबुळला, मग छताकडे पाहिलं, मग... चंदा तिरक्या नजरेनं बघत होती. तबला सुरू झाला तेव्हा त्याचा अंगठा गुडघ्यावर हलायला लागला होता.

जाताना तो स्क्रू पिळायचा पेचकस विसरला. पुढच्या रविवारी, बरोब्बर जेवणानंतर, तो न्यायला आला.

"लाखनीहून येवढ्या लांब? पेचकस नेयाले?" बायाबाईंनी विचारलं.

"चांगला आहे तो पेचकस, काकू."

त्याच्या पुढच्या खेपेला म्हणे वायर ढिली होती. चौथ्या रविवारी काही कारणच नव्हतं. तो आला, मोबाइल ढोलीवर ठेवला आणि परसरामशेजारी मांडी घालून बसला. कुणी काही विचारलं नाही. चंदानं फक्त कपांत एक कप वाढवला, आणि कप ठेवताना तिच्या बोटांना त्याची बोटं लागली तेव्हा दोघांनीही टीव्हीकडेच बघितलं.

त्या दिवशी कुठल्याशा दूरच्या डोंगरात गाणाऱ्या म्हाताऱ्या बायांवर माहितीपट होता. बायाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "असं तं आमच्या बांधीत धानाच्या रोवणीले रोजच चालते."

"मंग तुमचा व्हिडिओ कोनी काहून नाही काढला, काकू?"

बायाबाई हसल्या. "चिखलातल्या बाया कोन पाह्यते, बापू? हे मोठ्या लोकाइचं काम."

चंदाचा चेहरा उतरला. अंगणात हेमराजला सोडायला आली तेव्हा ती म्हणाली, "सारी रोवणी मायच्या गाण्यावर चालते. पण कवाच पुढं नाही बसत ती. उंबऱ्यावरच बसते... मले नाही आवडत ते."

हेमराज लग्नसराईत व्हिडिओ काढायचा. "मी काढतो न," तो म्हणाला. "तुम्ही रागावणार नसाल तं."

"काम कसं करता, त्याच्यावर आहे ते."

रोवणीच्या दिवशी तो दोन कॅमेरे घेऊन बांधीत उतरला, पहिल्याच पावलाला गुडघाभर रुतला आणि बायांनी त्याची यथेच्छ टर उडवली. वरून भुरभूर पाऊस. छत्रीच्या दांड्याला माइक बांधून तो उभा, आणि छत्री त्याच्यावर नाही, कॅमेऱ्यावर! चंदानं दुसरी छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

"तुम्ही भिजून राहिल्या," तो म्हणाला.

"तिकडं पाहा. माय तिकडं आहे."

बायाबाईंनी ओळ उचलली. बायांनी वाकून पऱ्ह्यांची कोवळी रोपं रोवली, एक पाऊल मागे सरल्या, जरा थांबल्या, आणि मग सगळ्यांनी मिळून ती ओळ परत केली.

तीन दिवसांनी साऱ्या गावाच्या मोबाइलवर हेमराजचा रील वाजत होता. एक मिनिटाचा. खाली धडधड ठेका, बायाबाईंच्या तोंडाभोवती लाल बदाम उडतायत. हजारो लोकांनी पाहिला. गाव खूश. हेमराज तर पेढे घेऊनच आला.

चंदानं अंगणातच त्याला थांबवलं. "कोनाले विचारून टाकला?"

"अहो, लोकाइले आवडला..."

"माय ओळ म्हनते, मंग बाया मागं सरतात. तवा थांबते ते गाणं. ते थांबनंच कापलं तुमी! अजूनही पुढंच पळवून राहिले." "माय पाहून काय म्हनली, माहीत आहे? 'हसाले बरं आहे.' रविवारी येऊ नका आता."

पेढ्यांचा पुडा त्याच्या हातातच राहिला. संध्याकाळपर्यंत तो रील कुठंच दिसेनासा झाला होता.

दोन रविवार गेले. चंदा मुळीच वाट बघत नव्हती. मोटारसायकलचा आवाज आला की दारात जायची, ती उगाच, कोंबड्या हाकायला. कोंबड्या मात्र परसात असायच्या. फोन करावा असं शंभरदा वाटलं, पण कशी करणार... स्वाभिमान आडवा यायचा, आणि रात्री तोच स्वाभिमान उशीखाली रुतायचा. तिसऱ्या रविवारी परसराम टोपी घालत म्हणाला, "तो पेचकसवाला काहून नाही येत, चंदा?"

आणि तेवढ्यात तो आला. इस्त्रीचा सदरा, पाण्यानं चापून बसवलेले केस. चप्पल काढली, मोबाइल ढोलीवर ठेवला आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"काका, आजची मैफल मी आनली. चालन?" तो चंदाकडे बघत नव्हता. "एकतीस मिनिटाची आहे. कुठंच कापली नाही."

पडद्यावर आधी नुसती बांधी दिसली. पाणी, त्यात आभाळ. मग अक्षरं उमटली—'बायाबाई आणि करडीच्या बाया.' मोठ्या गायकांची नावं येतात, तशीच.

गाणं सुरू झालं. ओळ... मागं सरणारी पावलं, पाण्याची चुळूक, पावसाची भुरभूर... मग साऱ्या बायांचा आवाज. ओळीमागून ओळ बांधी हिरवी होत गेली. उंबऱ्यावर बायाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

आणि मधेच परसराम उठला. मैफल चालू असताना! या घरात कधी न झालेली गोष्ट. तो उंबऱ्यापाशी गेला, बायाबाईंच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"चंदाचे माय, तू पुढं बस. माह्या जागेवर."

"अवो, तुमी..."

"मी बसतो इथं." आणि सूप मांडीवर घेऊन तो उंबऱ्यावर टेकला.

बायाबाई पुढं बसल्या. ताठ. एकतीस मिनिटं संपली तेव्हा पडद्यावर टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. उंबऱ्यावरून परसरामच्या टाळ्या सुरू झाल्या, आणि चंदा इतक्या जोरात टाळ्या वाजवू लागली की हात लाल झाले. आईचा अभिमान होताच. पण इस्त्रीच्या सदऱ्यात घामाघूम झालेल्या त्या पेचकसवाल्याचाही वाटत होता, आणि तो आता लपवायचा नव्हता.

"चांगलं गाते न मी?" बायाबाई हळूच म्हणाल्या. यावेळी त्या हसल्या नाहीत.

चंदा चहा घेऊन ओट्यावर आली. हेमराज कप हातात धरून नुसताच उभा.

"तुमाले एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "म्हंजे... डायरेक्ट सांगू का?"

चंदा ओट्यावर बसली, पदर सावरला आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"नाही. पहिल्यापासून सांगा. काही पुढं पळवायचं नाही."

हेमराज बसला. जरा थांबला. तिनं ते थांबणं पुरतं ऐकून घेतलं.

"तं ऐका," तो म्हणाला. "त्या पहिल्या रविवारी स्पीकर घेऊन तुमच्या घरी यायची माही पाळीच नव्हती..."