वरोडीची हवा

सुनंदाताई वासेकरांनी चहाचा कप बाजूला सारला आणि रुमालाने मान पुसली. समितीच्या बैठकीत घाम गाळायचा, हे आता सगळ्याच आमदारांच्या अंगवळणी पडलं होतं. सरकारचा कुठलाही हवामान आराखडा मंजूर करण्याआधी समितीने तासभर ऋतुकक्षात बसायचं, असा कायदाच झाला होता. आराखडा जसाच्या तसा अमलात आला, तर तीस वर्षांनी त्या गावात उन्हाळ्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी जी हवा असेल, ती हा कक्ष तयार करी. आकड्यांवर माना डोलावण्यापेक्षा अंगावर घ्या आणि मग ठरवा, असा त्यामागचा विचार. समितीच्या अध्यक्ष म्हणून ताईंना या कक्षाचा अभिमान होता.

आज पाळी होती वरोडीची, ताईंच्याच मतदारसंघातल्या खाडीकाठच्या गावाची. मंत्र्यांनी कांदळवनं, पांढरी छपरं, समुद्राकडचा बांध, सगळं समजावून सांगितलं. गाव हलवायची गरज नाही, यावर त्यांचा भर होता. समितीतले सर्वांत जुने सदस्य भगवंतराव ढोक सदऱ्याची वरची बटणं सोडून ऐकत होते. उकडत होतं, पण सोसवत होतं. ताईंनी सहीसाठी पेन काढलं.

तेवढ्यात त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर लागला. मघाशी पाण्यात भिजवून, पिळून टाकलेला दुसरा रुमाल खडखडीत वाळला होता.

राजकारणात येण्याआधी ताई कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. गेल्या मे महिन्यात त्या वरोडीला बहिणीकडे होत्या, तेव्हा दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही ओलेच होते. मग तीस वर्षांनंतरची हवा आजच्यापेक्षा कोरडी कशी?

त्यांनी कक्षाचे अभियंता तन्वीर मुजावर यांना आत बोलावलं आणि दमटपणा मुद्दाम कमी ठेवलाय का, असं सरळच विचारलं. मुजावरांनी आधी मंत्र्यांकडे पाहिलं.

"ठेवावा लागतो, ताई," ते म्हणाले. "वरोडीचा खरा आकडा लावला की यंत्र चालूच होत नाही. आत माणसं आहेत म्हणून."

सदस्यांच्या जिवाला अपाय होऊ नये, असा नियम कक्ष बांधतानाच यंत्रात घातलेला होता. त्यामुळे यंत्र चालू होईपर्यंत आकडा खाली आणायचा, ही रीत पडली होती. यापलीकडचं मुजावरांनी सांगायची गरज नव्हती. हवा फार दमट झाली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीर निवत नाही. मग सावलीत बसा, पंखा लावा नाहीतर पाणी प्या, उपयोग नसतो. धडधाकट माणूससुद्धा काही तासांत जातो.

 ताई उठल्या. सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी रिकाम्या कक्षात खरा आकडा लावायला सांगितलं. या वेळी यंत्र विनातक्रार सुरू झालं. बघता बघता कक्षाच्या काचेला आतून पाणी सुटलं आणि ओघळू लागलं. टेबलावरचा आराखडा ओलसर होऊन वाकला. 

असे दिवस वर्षातून चारपाचच येतील, असं मंत्री म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. त्या दिवसांत लोकांनी जायचं कुठे, असं ताईंनी विचारलं. आराखड्यात त्याबद्दल एक ओळही नव्हती. ताईंनी आराखडा नामंजूर करून परत पाठवला. बहिणीला काय सांगायचं, हे मात्र त्यांना सुचत नव्हतं.

बाकीचे पांगले तरी भगवंतराव काचेसमोरून हलले नाहीत.

"ताई," ते हळूच म्हणाले, "मागच्या वर्षी खाडीकाठच्या बाकीच्या गावांचे आराखडे आपण याच कक्षात बसून मंजूर केले. आपल्या शब्दावर तिथं लोक घरं बांधताहेत. त्यांना कुणी सांगायचं?"