गाडीत किती जण?

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. माझ्या सख्ख्या मावशीसोबत घडलीय, आणि माझी मावशी भुताखेतांना मानणाऱ्यातली नाही. भूत समोर आलं तर त्याच्याच हातात झाडू देईल ती.

आणि हो, रात्र-बित्र नव्हती. भरदुपार होती.

मावशी एका मदतसंस्थेच्या ऑफिसात वायरलेस सेटवर बसते. काका, म्हणजे तिचा नवरा, तिथेच ड्रायव्हर. त्या भागात बंदूकवाले मोकाट फिरतात, म्हणून नियम कडक. गाडी फाटकातून निघाली की सेटवरून मावशी विचारणार, "गाडीत किती जण?" ड्रायव्हरने आकडा सांगायचा. पुलाजवळ पोचल्यावर पुन्हा तोच प्रश्न. आकडा चुकला किंवा उत्तरच आलं नाही, तर समजायचं... काहीतरी झालंय.

काका रोज म्हणायचे, "दोघं."

दुसरी म्हणजे सिस्टर. पुलापलीकडच्या दवाखान्यातली नर्स.

ते "दोघं" ऐकलं की मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडून, तेही रोज! सिस्टर पुढच्या सीटवर बसायची आणि काका ती सीट आधी फडक्याने पुसायचे.

"घरात कधी साधं स्टूल पुसलं नाही या माणसाने," मावशी माझ्या आईला फोनवर सांगायची.

त्यांच्यात तसलं काही नव्हतं हो. अख्खं ऑफिस सांगेल. पण जळणाऱ्याला कारण कुठे लागतं?

मग ती दुपार आली.

गाडी पुलाजवळ पोचायची वेळ झाली. मावशीने विचारलं, "गाडीत किती जण?"

उत्तर नाही.

पुन्हा विचारलं... नुसती खरखर.

बऱ्याच वेळाने गाडी परत आली. काच फुटलेली. बंदूकवाल्यांनी पुलावर अडवलं होतं. एकाने काकांवर नेम धरला आणि सिस्टर मध्ये पडली. काकांना ओरखडाही नव्हता. सिस्टरचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. ती गेली होती.

मावशी धावत गाडीपाशी गेली. आणि तिला पहिलं काय वाटलं, सांगू?

ती जळाली. मेली तीही माझ्याच नवऱ्याच्या मांडीवर!

हे तिने स्वतः मला सांगितलंय.

काही आठवड्यांनी काका पुन्हा कामावर निघाले. एकटेच. मागे औषधांची खोकी. मावशीने खिडकीतून नीट पाहिलं. पुढची सीट रिकामी होती.

"गाडीत किती जण?"

"दोघं."

अख्ख्या खोलीने ऐकलं. साहेबांनी तोंडाशी नेलेला कप तसाच खाली ठेवला.

संध्याकाळी घरी मावशीने काकांना फैलावर घेतलं. "कोण होतं गाडीत?"

"कोण असणार गं? एकटाच होतो. एक असंच सांगितलं मी."

खोटं बोलताना काकांचे कान लाल होतात. त्या दिवशी झाले नव्हते.

मग रोज तेच. दोघं. आणि गाडी परत आली की रिकाम्या सीटचा पट्टा... लावलेला असायचा.

"जिवंत होती तेव्हा परवडली," मावशी म्हणायची. "संध्याकाळी निदान आपल्या खोलीवर तरी जायची."

शेवटी एक दिवस तिने सेट दुसऱ्याकडे सोपवला आणि स्वतः गाडीत जाऊन बसली. पुढेच! लावलेला पट्टा खसकन सोडला. गाडी सकाळपासून उन्हात उभी होती...

सीट थंडगार होती.

फाटकाबाहेर पडताना सेटवरून प्रश्न आला.

काका म्हणाले, "तिघं."

मावशीने मागे पाहिलं. नुसती खोकी. ती पुन्हा समोर बघायला लागली, आणि...

खट्.

मागच्या सीटचा पट्टा लागला.

"मागेच बस," मावशी दातओठ खात पुटपुटली. भीती वाटत होती, पण राग त्याहून मोठा होता.

पूल दिसायला लागला. तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. शांत, नेहमीच्या कामातला.

"पुढे नका जाऊ. गाडी वळवा."

काकांनी मागे बघितलं नाही. एका शब्दाने विचारलं नाही. गाडी वळवली.

"माझं कधी एका हाकेत ऐकलंय का यांनी?" हे सांगताना आजही मावशीचा आवाज चढतो.

त्याच दुपारी पुलावर दुसऱ्या संस्थेच्या गाडीवर गोळीबार झाला. त्यातलं कुणीच परत आलं नाही.

म्हणजे नवरा वाचला. पण वाचवला तिने. दुसऱ्यांदा!

मावशीने हार मानली. मोठ्या मनाने वगैरे नाही, नाइलाजाने. त्यानंतर रोज सकाळी ती स्वतः ती सीट पुसायची, रिकामा पट्टा लावायची आणि म्हणायची, "नेतेस तसा संध्याकाळी आणून दे."

वर्षं गेली. काका रोज सुखरूप येत राहिले.

काल रात्री जेवताना काका सहज बोलून गेले, "इतका लांबचा रस्ता, पण गाडीत एकटं असं कधी वाटतच नाही बघ."

झालं! मावशीचं डोकं फिरलं. आज सकाळी तिने सीट पुसली नाही. पट्टा लावला नाही. रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली, "पुरे झालं आता. माझ्या नवऱ्याचा नाद सोड. जा इथून."

काका निघाले. मावशीने सेटवरून विचारलं.

"एक," काका म्हणाले.

इतक्या वर्षांनी! मावशीला हसू आलं. हसता हसताच तिच्या लक्षात आलं, म्हणजे आज त्यांना वाचवायला सोबत कुणीच नाही.

पुलाजवळ पोचायची वेळ कधीच टळून गेलीय. काकांचं उत्तर नाही. साहेबांनी माणसं पाठवलीत, पण ती अजून वाटेत आहेत.

मावशीने मघाशी मला फोन लावला आणि तसाच चालू ठेवून टेबलावर ठेवला. मला सगळं ऐकू येतंय. ती काकांना हाक मारत नाहीये.

"सिस्टर... ऐकतेयस का गं? चुकलं माझं. जा, बस त्यांच्याशेजारी. तुझीच जागा आहे ती."

खरखर.

"गाडीत किती जण?"

खरखर...

मी फोन कानाला लावून बसलेय. देवा, कुणीतरी "दोघं" म्हणू दे.