नानाच्या पाठीवरचा हात

"एकट्या नानाला कुरवाळा, साठ कुत्री तृप्त होतील," मिरजेच्या प्रयोगशाळेत नानाच्या गळ्यात पट्टा बांधत डॉ. सुलक्षणा उपाध्ये म्हणाल्या. नाना म्हणजे प्राणी-आश्रयकेंद्राच्या अंगणात मोकळा हिंडणारा, फाटक्या कानाचा म्हातारा कुत्रा. त्याच्या मेंदूत उठलेली भावना हा संवेदनपट्टा टिपणार आणि बाकीच्या कुत्र्यांच्या गळ्यांतल्या पट्ट्यांकडे गावभर धाडणार.

केंद्रप्रमुख शिवराम आवटींना हे हवंच होतं. त्यांचे स्वयंसेवक म्हणजे नुसते आरंभशूर. पहिल्या रविवारी फोटो काढायचे आणि दुसऱ्या रविवारी घाण उचलायची वेळ आली की कुणाच्या तरी मावशीच्या घरी लग्न निघायचं.

"पण मायाच जाईल ना? की दुसरंही काही?" त्यांनी विचारलं.

"जे तीव्र, ते जाईल. वासासकट. कुत्र्याला माया आठवते ती हाताच्या वासासकटच, ते वेगळं काढता येत नाही. पण आवटीकाका, नानाला मारायला येणार कोण?"

आवटी हसले. खरंच, कोण येणार?

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. नानाला थोपटायला एकटे आवटी पुरत, म्हणून केंद्राचं फाटक फक्त रविवारी तासभर उघडू लागलं. दत्तक गेलेल्या कुत्र्यांचे पट्टेही तसेच राहिले, कारण पट्टा काढला की ती नव्या घरी रडत. आवटींच्या घरचा भोपळ्या त्यातलाच. नात ओवी तापली होती, तर त्या मंगळवारी सकाळी तिला आपली शाल पांघरवून, पायाशी भोपळ्याला बसवून ते निश्चिंत मनानं कामावर आले होते.

सुदाम गळवे दुपारी तिसऱ्यांदा फाटकाशी आला. त्याचा वाघ्या आठवड्यापूर्वी पालिकेच्या गाडीनं उचलून इथं टाकला होता आणि आल्याआल्याच त्याच्याही गळ्यात पट्टा पडला होता.

"रविवारी या," आवटी आतूनच म्हणाले.

"रविवारी ऊसतोड सोडून येऊ व्हय? माझं कुत्रं हाय ते!"

आवटींनी पाठ फिरवली. गळवे पहार घेऊन भिंतीवरून आत उतरला आणि वाघ्याच्या पिंजऱ्याचं कुलूप त्यानं फोडलं. नाना शेपूट हलवत जवळ आला. घाबरलेल्या गळवेनं त्याच्या जबड्यावर पहार हाणली.

साठ गळ्यांतून एकच किंकाळी उठली. फुटल्या पिंजऱ्यातून पाच कुत्री बाहेर पडली आणि त्यांत सगळ्यांत पुढे वाघ्या होता. ज्या हातानं आजवर भाकरी घातली, त्याच हाताचा वास त्या घावाला होता. वाघ्यानं धन्याचा गळाच धरला. दुसऱ्यानं दंडाचा लचका तोडला. नानाही तुटक्या जबड्यानं गळवेच्या छातीवर चढला. रक्तानं अंगणातली माती चिकट झाली.

आवटी धावले. नाना थांबला तर सगळी थांबतील म्हणून त्यांनी पहार उचलून नानावर उगारली. नानानं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याची शेपूट हलली. त्याच क्षणी पाचही जबडे सैल झाले. पण पहार खाली यायला निघाली होती, ती थांबली नाही. नानाची कवटी फुटली.

पाचही कुत्री आवटींकडे वळली. दंडात, पोटरीत दात रुतले. त्यांना लाथा घालत आवटींनी कसंबसं गळवेला कोठीत ओढलं आणि दार लावून घेतलं. गळवे मेलेला होता. बाहेर कुत्री दारावर धडका देत होती.

रक्ताळल्या हातानं त्यांनी उपाध्येंना फोन लावला. "पट्टे बंद करा!"

"केले. पण काका, त्यांना जे कळलं ते आता त्यांच्या डोक्यात आहे. ते मला पुसता येत नाही."

आवटींना भोपळ्या आठवला. त्यांनी घरी फोन लावला.

"आजोबा," ओवी पेंगुळलेल्या आवाजात म्हणाली, "भोपळ्या मघाशी केवढ्यांदा ओरडला! तुमच्या चपलांच्या तर चिंध्याच केल्या. आता माझ्याकडेच बघत बसलाय."

"ओवी, शाल काढ! लांब फेक ती!"

"नको ना. तिला तुमचा वास येतो, म्हणून तर घेतलीय."

तिच्या आवाजामागे भोपळ्या गुरगुरला.