आधी तुमी

अंबूबाईची तक्रार एकच होती. पोरगं वाकतंय.

लढाईवरून आलेला माणूस कसा ताठ असावा. पलूसच्या आसपास ब्रह्मदेशातून परतलेले शिपाई मिशीला पीळ देत पारावर बसत होते, पोराबाळांना दरडावत होते. आणि हिचा नाथाजी, चांगला हवालदार झालेला, गुरं राखणाऱ्या ज्ञानूला आपण होऊन रामराम घालायचा. पाणंदीत समोरून एखादी बाई मोळी घेऊन आली, की हा चिखलात उतरून तिला वाट द्यायचा.

शेजारच्या मनुबाईजवळ ती हे सगळं ओकायची. मनुबाई म्हणायची, गाव तर लय नाव घेतंय नाथाजीचं. त्यावर अंबूबाई फणकारायची, "गावाचं काय जातंय? गावाला फुकटचा गडी घावलाय."

मान खाली घातली की जू बसलंच, ही तिची शिकवण. याच शिकवणीवर तिनं नाथाजीला वाढवलं होतं. लढाईला जाताना तो गावात कुणाच्या पाया पडला नव्हता, तिच्याही नाही. ढांगा टाकत वेशीबाहेर गेला होता, आणि तिला त्याचा अभिमान वाटला होता.

पुढं पत्रं थांबली. गावात कुजबूज सुरू झाली. अंबूबाईला काळजी लागली ती मानाची. आषाढात बेंदूर येतो. गवताच्या दोरात पिंपळाची पानं गुंफतात आणि तो दोर वेशीत आडवा बांधतात. त्याला कर म्हणतात. मानाचा बैल तो छातीनं तोडून गावात शिरतो, मग बाकीची बैलं. हा मान तिच्या घराचा. मानकरीच नसेल तर मान आमच्या घराला द्या, असं गावातला जोतीराम म्हणाला. तेव्हा अंबूबाई पदर खोचून वेशीत उभी राहिली. मान नाथाजीचा आहे, तो येईल आणि घेईल, तोवर त्याच्या नावानं बैल जाईल, असं तिनं सगळ्या गावाला ऐकवलं. लढाई सरेपर्यंत दर बेंदराला तिनं नाथाजीचा पटका बैलाच्या शिंगाला बांधला.

आणि नाथाजी आला.

गुऱ्हाळात काकवी उडून मनगटावर पडलेला डाग होता. कानामागचा तीळ होता. तिनं नीट बघून घेतलं होतं, कारण त्यानं उंबऱ्यातच तिचे पाय धरले आणि म्हणाला, "आवं आई, तुमी थकला."

या मुलखात लेक आईला अहोजाहो करत नाही. पलटणीत साहेबांनी शिकवलं असेल, असं तिनं मनाला समजावलं. पण गोठ्यातला हौशा बैल, जो नाथाजीच्या आसुडाला भिऊन त्याची सावली दिसली तरी अंग चोरायचा, त्यानं पहिल्याच दिवशी त्याच्या खांद्यावर मान ठेवली.

तिनं सुनेला, शालूबाईला, आडून आडून विचारलं. शालूबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"हाय ते बरं हाय, आत्याबाई," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

नवरा घरात असताना सुनेच्या पाठीवर वळ नसलेले हे पहिलेच महिने होते. अंबूबाईला ते दिसत होतं. तिनं पुढं विचारलं नाही.

आषाढ लागला तसा नाथाजी झोपेत बोलू लागला. दुपारी सोप्यात घटकाभर आडवा झाला तरी ओठ हलायचे. "आधी तुमी," तो म्हणायचा. "आधी तुमी." अंबूबाईनं त्याला हलवून उठवलं आणि झोपेत काय बघतोस म्हणून खडसावलं. त्यानं सांगितलं ते असं. वेशीत कर बांधलेला आहे. बाहेर माणसं उभी आहेत, भिजलेली. पाऊस नाही, तरी त्यांच्या अंगातून पाणी गळतंय. कर तुटल्याशिवाय त्यांना आत येता येत नाही.

"म्होरं कोन हाय?" तिनं विचारलं.

तो खाली बघत राहिला. "जो हाय त्यो कुनालाच वाट दीत न्हाई, आई."

याड लागलंय मेल्याला, असं म्हणून ती उठली. दोनचार दिवसांनी घोंगड्यावर पडल्या पडल्या तिचाही डोळा लागला आणि तिला वेस दिसली. भिजलेल्या लोकरीचा वास आला, गंजाचा वास आला. पुढचा माणूस तिच्याकडे पाठ करून उभा होता. मान ताठ. तिला हाक मारायची होती, पण कोणत्या नावानं मारावी ते सुचेना. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं आपटता आपटता मनुबाईनं हळूच विचारलं, "आक्का, वेशीत कोन उभं ऱ्हातंय गं सपनात?" अंबूबाई लुगडं पिळत राहिली.

बेंदराच्या आदल्या दिवशी नाथाजी म्हणाला, औंदा आपला बैल मागं ठेवू, ज्यांचा मान आहे त्यांना घेऊ द्या.

अंबूबाईचा तोल गेला. "गावाशी भांडून मी तुझ्या नावानं राखला त्यो मान. आन् तू वाटत सुटलास व्हय रं?"

"माझ्या नावानं न्हाई, आई," तो शांतपणे म्हणाला. "नाथाजीच्या नावानं राखलाय तुमी."

आणि घागर उचलून पाण्याला गेला.

बेंदराला चांगली उघडीप होती. बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवलेली, पाठीवर झुली, हलगी कडाडत होती. कर तुटताना बायका वेशीत जात नाहीत. अंबूबाई गेली. नाथाजीला पुढं घालून तिनं हौशाला कराजवळ आणवलं.

हौशा थांबला. त्यानं मान खाली घातली.

"हान त्याला," ती दातावर दात धरून म्हणाली.

नाथाजीनं हात उचलला नाही. तिनं त्याच्या हातातला कासरा ओढला. बैल जागचा हलेना.

हलगी थांबली. कुणी थांबवली नाही. कातडं भिजल्यासारखी बद्द वाजली आणि मग वाजेना.

लोकरीचा वास आला.

कर मधोमध ताणला गेला. बैलाच्या छातीशी नाही. त्याहून वर, माणसाच्या छातीशी.

तुटला.

पानं खाली पडली आणि ओल्या पावलांखाली दबू लागली.

माणसं दोन्ही बाजूंना सरली. सरा, असं कुणी म्हटलं नव्हतं. जोतीरामनं पटका काढून हातात घेतला. दबणारी पानं सगळ्यांनाच दिसत होती. पुढचा माणूस एकट्या अंबूबाईला दिसला.

अंगाला चिकटलेली खाकी. गुडघ्यापर्यंत परमुलखातला तांबडा गाळ. मनगटावर काकवीचा डाग. मिशीला पीळ देत तो ढांगा टाकत आला. तिच्याकडे बघितलं नाही. जाता जाता कोपरानं तिला बाजूला सारलं, पहिल्यापासून सारायचा तसं. तिच्या खांद्यावरून गार पाणी ओघळलं.

तो नदीच्या घाटाकडे वळला. त्याच्यामागं पानं दबतच राहिली, लय वेळ.

तिनं शेजारी बघितलं. नाथाजी तिथंच होता. कमरेत वाकलेला, हात जोडलेले, डोळे मिटलेले. जोडलेल्या हाताच्या मनगटावर तोच डाग.

"गेलं का समदं?" त्यानं विचारलं.

कृष्णेला पूर होता. घाटाकडून कुणीतरी पाण्यात उतरल्याचा आवाज आला, मग आणखी कुणी, मग आणखी. मग नुसतं पाणी.

अंबूबाईनं भिजलेला पदर पिळला. गाव नाथाजीकडे बघत होतं, आणि कुणाचाच पटका डोक्यावर नव्हता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"गेला त्यो माझा ल्योक व्हता. त्याचा मान मी भांडून आनला, त्यो त्याच्यासंगं गेला. ह्यो आत्ताचा गावानं दिलाय, त्यो तुझा. तू कोन, कुठनं आलास, मी इचारनार न्हाई, आन् तूबी कवा सांगू नगंस. घरला चल. आन् कुनी नाथाजी म्हून हाक मारली, तर ओ दीत जा."