पटावरचं नाव

माण तालुक्यातल्या हरणाबाईंचं पोस्टकार्ड मला १९७४च्या जुलैत आलं. पाच वर्षं ते माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. उत्तर काय लिहावं ते सुचलं नाही, हे मी स्वतःला सांगायचं कारण. मी भित्रा आहे, हे खरं कारण.

सांगलीच्या एका अध्यापक विद्यालयात मी शिकवत असे. आमचे प्राचार्य नानासो यांनी शाळांमधल्या वातावरणाची पाहणी काढली होती. मुलं, शिक्षक, पालक, तिघांनाही प्रश्नपत्रकं द्यायची. शाळेत यावंसं वाटतं का, कुणाची भीती वाटते का, कुणी ऐकून घेतं का. प्रश्न माझेच होते. माणसांशी बोलायला मला कागद लागतो.

माणमधल्या, दहिवडीपलीकडच्या एका शाळेत वरच्या वर्गांत एकेचाळीस मुलं बसली होती. मी दोनदा मोजली, कारण माझा माझ्यावर विश्वास नसतो. एकेचाळीस पत्रकं वाटली. परत आली बेचाळीस.

जास्तीचं पत्रक शालन नावाच्या मुलीचं होतं. यत्ता सहावी, वय अकरा. पेन्सिलीचं गोल, दाबून काढलेलं अक्षर. ‘शाळेत का येतेस?’ यापुढे लिहिलं होतं, ‘गुरुजी नाव घेत्यात म्हणून.’

मी त्या शाळेच्या आकाराम गुरुजींना विचारलं. ते चष्मा पुसत सांगू लागले. शालन दुष्काळात आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर गेली आणि तिथंच दरडीखाली सापडून वारली. पटावरून नाव काढलं तर पट कमी होऊन एका शिक्षकाची जागा जाणार होती. म्हणून रोज तिचं नाव पुकारायचं आणि पोरांपैकी कुणीतरी ‘हजर’ म्हणायचं, असं ठरलं.

“पयल्यांदा पोरं आळीपाळीनं म्हणायची,” गुरुजी म्हणाले. “आता कुणी म्हणत न्हाई, सर. तरी हजर येतं.”

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. हरणाबाई शालनची आई. कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. ‘पोरीचं नाव पुकारायचं बंद करा. रोज सकाळी दारात येऊन दप्तर मागती. तुमी मोजून गेलासा. ती हाय का न्हाई, तुमीच सांगा.’

नानासो कार्ड वाचून हसले. “पट बेचाळीस, पत्रकं बेचाळीस. एवढा चोख हिशेब कुठल्या शाळेचा लागत नाही. मास्तर, तुम्ही पुस्तकं वाचा, मोजणं आमच्यावर सोडा.”

मी अहवालावर सही केली.

यंदा, १९७९मध्ये, तीच पाहणी पुन्हा निघाली. त्या वर्गांतली जुनी मुलं केव्हाच पांगली होती. शालनचं नाव मात्र अजून पुकारलं जात होतं. या वेळी अडतीस बसली होती. मी तीनदा मोजली. पत्रकं आली एकोणचाळीस.

यत्ता सहावी. वय अकरा. तेच अक्षर.

‘तुझं कुणी ऐकून घेतं का?’ यापुढे लिहिलं होतं, ‘सरांनी आईला अजून कळवलं न्हाई.’

नानासोंनी अहवाल पुढे केला. मी म्हणालो, “सही करणार नाही.”

“निवृत्तीला दोन महिने राहिलेत तुमच्या.”

“मी अडतीस मुलं मोजली.”

“मग हे पत्रक कुणाचं?”

“त्या मुलीचं. म्हणूनच सही करणार नाही.”

त्याच दुपारी शिक्षणाधिकाऱ्यांना माझ्या नावानं कळवलं की ही मुलगी वारलेली आहे, तिचं नाव पटावरून काढा. मग हरणाबाईंना लिहिलं. ‘बाई, शालन नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. तरीही मी ती आहे म्हणून सही केली. आता तिचं नाव कुणी पुकारणार नाही. पुकारलं, तर मी स्वतः येऊन वर्गात उभा राहीन.’ सोबत तिची दोन्ही पत्रकं ठेवली.

पोस्टात भर दुपारची सामसूम होती. खिडकीपाशी मी एकटाच. कारकुनानं पाकिटाचं वजन केलं, ते रजिस्टरच्या तिकिटांसह परत दिलं आणि माझ्या कमरेमागे पाहत तो मायेनं म्हणाला,

“थांब हं पोरी. आधी आजोबांचं होऊ दे.”

मी मागे वळलो नाही. तिकिटं चिकटवून पाकीट आत सरकवलं. त्यावर शिक्का पडला.